सात नंबरची खुबानी

माझे वडील तातेराव यांनी चौतीस वर्षं केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये नोकरी केली आणि त्या चौतीस वर्षांत एकही प्रयोग केला नाही. हैदराबादेत सुलतान बाजारजवळच्या एका कॉलेजात ते लॅब अटेंडर होते. प्रयोग मुलं करायची. बाबा बाटल्या भरायचे, नळ्या धुवायचे, लेबलं चिकटवायचे आणि मुलं कुठे चुकतायत ते लांबून बघायचे. बोलायचे नाहीत, कारण ते काम सरांचं. रिटायर झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात प्रिन्सिपॉल म्हणाले की तातेरावांच्या हातून एवढ्या वर्षांत फक्त अकरा काचेच्या वस्तू फुटल्या. बाबांनी घरी येऊन सांगितलं की नऊ. दोन सरांनी फोडल्या होत्या.

लॅबमधून ते काही सवयी घरी घेऊन आले. आमच्या घरात प्रत्येक डब्याला लेबल असतं. तांदळाच्या डब्यावर तांदूळ, मिठाच्या बरणीवर मीठ, आणि पाण्याच्या माठावर पाणी. माझ्या आईला, भागूबाईला, वाचता येत नव्हतं, त्यामुळे लेबलांचा तिला काही त्रास झाला नाही. भांडं कुठलंही असो, बाबा ते तीनदा धुतात. दोनदा धुतलेलं भांडं त्यांच्या लेखी धुतलेलंच नसतं. आणि जिथे काही तयार होत असतं तिथे ते कणभरही तोंडात घालत नाहीत. लॅबमधला पहिला नियम तोच. चहासुद्धा त्यांनी चौतीस वर्षं व्हरांड्यात उभं राहून प्यायला. घरी आई भाजीचा थेंब तळहातावर घेऊन चाटायची तेव्हा बाबा तोंड फिरवायचे. ताटात वाढलं की मात्र मुकाट्याने जेवायचे. नावं कधी ठेवली नाहीत.

मी गीता, त्यांची एकुलती एक मुलगी. आबिड्सला एका विम्याच्या ऑफिसात क्लेम्सच्या टेबलावर बसते. दिवसभर लोक अर्धवट कागद आणतात आणि वर माझ्यावरच चिडतात, म्हणून घरी येऊन चिडण्याचा हक्क मी राखून ठेवलेला आहे. माझा नवरा संघपाल विमानतळावर बॅगांच्या सेक्शनला आहे. तो कशावरच चिडत नाही. आम्ही काचीगुड्यात बाबांपासून दोन गल्ल्या सोडून राहतो. हे अंतर आईने ठरवलं होतं. जवळ असावं पण रोज भांडता येऊ नये एवढं.

आई नांदेडकडची. लग्न होऊन हैदराबादला आली, सरकारी दवाखान्यात आया म्हणून लागली आणि तिथल्या शाहीन आपांकडून खुबानीचा मीठा शिकली. खुबानी म्हणजे सुका जर्दाळू. भिजवायची, बी काढायची, साखर घालून शिजवायची, आणि बी फोडून आतला बदाम वर पेरायचा. हैदराबादेत लग्नाच्या दावतीत शेवटी हेच असतं आणि लोक बिर्याणी आवरती घेऊन याच्यासाठी पोटात जागा ठेवतात. एवढी साधी गोष्ट. पण आईची खुबानी खाल्ली की दुसऱ्याची खाताना माणूस उगाच विचारात पडायचा.

आमच्या विहारात बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी वंदना झाल्यावर सगळ्यांचं एकत्र जेवण असतं. पौर्णिमेला खीर करायची पद्धत आहे, त्यामुळे जो तो खीर आणायचा. एका वर्षी एकोणीस घरांतून एकोणीस पातेली खीर आली आणि पुऱ्या कोणीच आणल्या नाहीत. पुढच्या वर्षी कुसुमताईंनी भिंतीला फळा टांगला. कुसुमताई म्हणजे आमच्या विहाराच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, मराठी शाळेतून रिटायर झालेल्या बाई. त्यांनी कोण काय आणणार ते फळ्यावर लिहिलं. पुरी, बटाट्याची भाजी, भात, खीर, आणि प्रत्येकापुढे आणणाऱ्याचं नाव. आई म्हणाली, मी खुबानी आणते. तेव्हापासून सव्वीस वर्षं त्या फळ्यावर एक ओळ बदलली नाही. खुबानी, आणि पुढे भागूबाई. आईला आयुष्यात वाचता आलं ते एवढंच. पौर्णिमेला विहारात शिरली की आधी फळ्याजवळ जायची, त्या ओळीवर बोट ठेवायची आणि मग बुद्धाला वंदन करायची. या क्रमावरून कुसुमताई तिला दरवर्षी बोलायच्या.

जानेवारीत आई झोपेतच गेली. बाबांनी आलेल्या प्रत्येकाला पाणी दिलं आणि प्रत्येक ग्लास तीनदा धुतला.

एप्रिलमध्ये पौर्णिमेच्या तयारीची बैठक झाली. कुसुमताईंनी फळा पुसून नव्याने लिहायला घेतला आणि खुबानीच्या ओळीशी आल्यावर थांबल्या. त्यांनी हलकेच विचारलं की यंदा तिथे दुसरं काही धरू या का. मागच्या रांगेतून बाबा उठले आणि म्हणाले, खुबानी होणार. मी करणार. नाव भागूबाईचंच राहील.

कुसुमताई शाळेत होत्या तेव्हापासून खोटं लिहू देत नाहीत. त्या म्हणाल्या, "भाऊ, फळ्यावर करणाऱ्याचं नाव असतं. तिचं लिहायचं तर कालकथित भागूबाई यांच्या स्मरणार्थ, असं लिहावं लागंल." आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी कालकथित लावतात. आईच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेल्यानंतरच्या विधीच्या, पत्रिकेवर तो शब्द होता. बाबांनी पत्रिका सगळीकडे वाटल्या, पण घरात एकही ठेवली नाही.

"स्मरण कशाला?" बाबा म्हणाले. "खुबानी तीच असंल तर बाई हायेच की."

 बायका पदराशी चाळा करायला लागल्या. कुसुमताईंनी खडू खाली ठेवला आणि निकाल दिला. ती ओळ पौर्णिमेपर्यंत रिकामी राहील. त्या दिवशी सगळ्यांनी खायचं. ती भागूबाईचीच खुबानी आहे असं ठरलं, तर तिचं नाव पूर्वीसारखं जाईल, मागे-पुढे काही न लावता. नाही ठरलं, तर कालकथित. बाबा म्हणाले, मंजूर. मी कपाळाला हात लावला.

कारण बाबांना खुबानीतलं एकच काम येत होतं. बिया फोडायचं. दर पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ते दारातल्या पायरीवर बसायचे, समोर फरशी, हातात पाव किलोचं लोखंडी वजन. बी उभी धरायची, एकच ठोका, कवच दुभंगलं पाहिजे आणि आतला बदाम अख्खा राहिला पाहिजे. त्यांचा बदाम तुटायचा नाही. आत आई काय करते ते त्यांनी सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मीही पाहिलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात आले की आई म्हणायची, तू अभ्यास कर. मी केला. आता मला साठ पानांची पॉलिसी कळते आणि आईची खुबानी येत नाही. शाहीन आपा मुलाकडे सौदीला गेल्या, त्यांचा नंबर आईच्या डोक्यात होता.

मी बाबांना मोबाइलवर खुबानीचे तीन व्हिडिओ दाखवले. त्यांनी ते चष्मा पुसून पुसून पाहिले. तिन्हींत दोन कप साखर होती. "कोणता कप ते सांगत नाही," बाबा म्हणाले आणि मोबाइल परत दिला. मग त्यांनी दोनशे पानी वही आणली, समास आखला आणि पहिल्या पानावर लिहिलं: प्रयोग क्रमांक एक. उद्देश: भागूबाईची खुबानी तयार करणे.

सुलतान बाजारात सुक्या मेव्याच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर गेले होते. बाबांनी दुकानदाराला विचारलं की हा सगळा माल एकाच लॉटचा आहे का, आणि पुढच्या पाच आठवड्यांत तोच लॉट मिळेल का. मग तळहातावर वीस खुबान्या घेऊन एकेक उजेडात धरून पाहिली. दुकानदार बराच वेळ बघत राहिला. शेवटी म्हणाला, "चचा, मीठा बनाना है, दवा नक्को समझो." बाबांनी मान डोलावली आणि एकविसावी उचलली.

प्रयोग दर रविवारी व्हायचा. बाबा शनिवारी खुबानी भिजत घालायचे. रविवारी सकाळी करायचे आणि दुपारी संघपालने आणि मी जाऊन खायची. ते स्वतः चाखायचे नाहीत. करणाऱ्याने रीडिंग घ्यायचं नसतं, त्याला आपलं खरं वाटत असतं, असं त्यांचं म्हणणं. टेबलावर चिठ्ठी लावलेल्या वाट्या, मध्ये चूळ भरायला पाणी, आणि समोर वही उघडून बाबा. एक नंबरची खुबानी साखरेत भिजवलेल्या पुठ्ठ्यासारखी लागली. मी तसं सांगितलं. त्यांनी तसंच लिहिलं. संघपाल म्हणाला, मस्त झालीय मामा. त्यांनी तेही लिहिलं.

दोन नंबरला साखर वाढवली. पुठ्ठा जास्त गोड झाला. तीन नंबरला शिजायचा वेळ वाढवला. चार नंबरला वेळ तोच ठेवून आच कमी केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे त्यांचं ठाम होतं. खुबानी थेट आचेवर ठेवायचीच नाही, हेही ठाम होतं. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं आणि त्यात खुबानीचं पातेलं उभं करायचं. गॅसजवळ स्टूल टाकून ते घड्याळ बघत बसायचे, दोन तास, मे महिन्याच्या काहिलीत, बनियन भिजून अंगाला चिकटेपर्यंत. खुबानी दरवेळी फिकट पिवळी व्हायची आणि तिला काही म्हणता काही चव नसायची. संघपालला चारही आवडल्या. पाचव्या आठवड्यापासून बाबांनी त्याची वाटी बंद केली. म्हणाले, "जावईबापूंचं रीडिंग सगळीकडं एकच येतंय. काटा अडकलाय." संघपालला याचंही काही वाटलं नाही. वाईट याचंच वाटलं की वाटी बंद झाली.

मी मात्र वैतागले होते. एकदा बोलून गेले की कॅटररला सांगू, लोकांना काय कळतंय. बाबांनी वहीत खाली रेघ मारली आणि पाच लिहिलं.

पाचव्या रविवारी मी किराणा द्यायला सकाळी लवकरच गेले. बाबा मोरीशी उभे होते. रात्रभर भिजलेल्या खुबान्या चाळणीत, आणि खाली पातेल्यात त्यांचं पाणी, गडद, काकवीसारखं. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी ते पाणी मोरीत ओतलं. खुबान्यांवर स्वच्छ पाणी घातलं, हलवलं, ओतलं. परत घातलं, हलवलं, ओतलं. तिसऱ्यांदा फिल्टरचं पाणी घेतलं.

मी ओरडले. मला स्वयंपाकातलं फार कळत नाही, पण एवढं कळतं की रंग आणि चव मोरीतून वाहून चाललंय. मी विचारलं, तुम्ही हे काय करायलात? ते म्हणाले, धुवायलोय. मी म्हटलं, अहो, त्याच पाण्यात शिजवायची असते ती. तीच तर खुबानी आहे. आई थोडीच पाणी फेकत होती.

बाबा चाळणी हातात धरून उभे राहिले. खालून थेंब पडत होते. चार रविवार आणि दोन किलो खुबानी त्या मोरीत गेली होती आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत होतो.

"मला काय ठावं," बाबा म्हणाले. "ती आत करायची. मी भायेर बसायचो."

मला पाच आठवड्यांचा राग आला होता तो कुठे गेला कळलं नाही. सत्तरीला आलेला माणूस, ज्या बाईबरोबर पंचेचाळीस वर्षं संसार केला तिचं पातेलं त्याने कधी वाकून पाहिलं नव्हतं, आणि आता तो ते वहीत शोधत होता. मला त्यांची फार दया आली. त्यांनी चाळणी खाली ठेवली, हात पुसले आणि वहीत लिहिलं: चूक. भिजवलेले पाणी टाकले. प्रयोग एक ते चार रद्द.

त्यांनी तेव्हाच दुसरी अर्धा किलो भिजत घातली आणि संध्याकाळी तिच्याच पाण्यात शिजवली. मी थांबले होते. तासाभरात स्वयंपाकघरातून वास यायला लागला आणि मी उठून गॅलरीत गेले, कारण तो आईच्या पौर्णिमेचा वास होता आणि मला तो चार महिन्यांनी अचानक नको होता. पाच नंबर गडद झाली. चमच्याला धरून राहायला लागली. मी चमचाभर खाल्ली आणि खरं ते सांगितलं, की बाबा, खूप जवळ आली, पण अजून ती नाही. काय कमी आहे विचारल्यावर मला सांगता आलं नाही. जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी यायला हवं होतं ते येत नव्हतं. बाबांनी लिहिलं: जिभेची मागची बाजू.

सहा नंबरला त्यांनी बदाम वाढवले. सहा नंबर पाचपेक्षा बरी होती आणि ती नव्हती.

सात नंबर पौर्णिमेच्या तीन दिवस आधी झाली. मी ऑफिसातून थेट तिकडे गेले. त्या दिवशी एका बाईने माझ्या टेबलावर पर्स आपटली होती. बाबांनी वाटी पुढे ठेवली. त्यांची गालफडं बसली होती. स्वयंपाकघरात फरशीवर बियांच्या कवचांचा ढीग आणि स्टूलवर त्यांचा टॉवेल. यापुढे वेळ नव्हता. जी काय असेल तीच खुबानी आता विहारात जाणार होती. मी खाल्ली. जिभेच्या मागे काही आलं नाही. बाबा पेन उघडून माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हटलं, "अगदी आईसारखी."

लॅबमधली मुलं पुस्तकातलं उत्तर बघून उलटी रीडिंग लिहितात, हे बाबांनी मला लहानपणी अनेकदा सांगितलं होतं. त्या मुलांचा त्यांना जेवढा राग यायचा तेवढा नळ्या फोडणाऱ्यांचा यायचा नाही. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग वहीत लिहिलं: गीता, अगदी तशीच. टोपण लावलं आणि विचारलं की नक्की ना. मी म्हटलं, हौ. क्लेम्सच्या टेबलावर मी रोज लोकांचं खोटं पकडते. स्वतःचं बोलताना मला काही अडचण आली नाही, आणि त्याची लाज मला घरी येऊन कुलूप काढताना वाटली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यांनी पाच किलो खुबानी केली. संघपालने विमानतळावरून रजा घेऊन बिया काढल्या. फोडायला बाबांनी कोणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संघपालने आणि मी पातेलं रिक्षाने नेलं आणि बाबा पांढरा शर्ट घालून मागून चालत आले. त्यांना रिक्षात पातेल्याशेजारी बसायचं नव्हतं. त्यांनी सांगितलं की हिंदकळलं तर बघवणार नाही.

विहारात गर्दी होती. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, पंख्याखाली मेणबत्त्या विझत होत्या आणि कोणीतरी परत लावत होतं. त्रिशरण, पंचशील झालं. मी फळ्याकडे बघायचं टाळत होते. पुरी, वैशालीताई. भात, अविनाश. खीर, चार नावं. आणि खुबानीपुढे मोकळी जागा.

पंगत बसली. आधी कुसुमताईंना वाढायचं ठरलं होतं. त्या नेहमी मांडी घालून बसतात, त्या दिवशी खुर्चीवर बसल्या. बाबा भिंतीशी उभे होते. कुसुमताईंनी एक चमचा घेतला, डोळे मिटले. दुसरा घेतला. मग त्या बाबांकडे बघून म्हणाल्या की भाऊ, हीच. शेजारच्या बायकांनी खाल्लं आणि त्याही तेच म्हणाल्या. कोणी म्हणालं, भागूमावशी आत्ता आल्यासारखी वाटली. कोणी डोळे पुसले. त्यांना खरंच तसं लागलं की त्या बाबांना बघून म्हणत होत्या, ते मला आजही माहीत नाही. मी कुठल्या तोंडाने विचारणार?

कुसुमताई उठल्या, हात धुतले आणि फळ्याजवळ जाऊन खडू घेतला. मला एकदम सुटल्यासारखं झालं. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, मी एकटी खोटं बोलले नव्हते. संघपालने बाबांना बसवलं आणि त्यांच्यासमोर ताट आणि खुबानीची वाटी ठेवली. आता ती वाढलेली होती. बाबांनी चमचा घेतला.

त्यांनी तोंडात घातला आणि तो तसाच धरून ठेवला. मग वाटी हातात घेऊन उभे राहिले.

"कुसुमताई, थांबा," ते म्हणाले. "ही तिची नाही."

कुसुमताई खडू धरून वळल्या. म्हणाल्या की भाऊ, सगळ्यांनी खाल्ली, सगळे हीच म्हणतात, तुम्ही कशाला स्वतःला त्रास करून घेता. मीही म्हटलं, बाबा, बसा ना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बरं झालं.

"तिची दर साली जराशी लागायची," बाबा म्हणाले. "बुडाला. ती गॅसवर ठिवून भायेर यायची माझ्यापाशी, पायरीवर. म्हणायची, बदाम बघते. बदाम कशाचे बघते, बसायची बोलत. दवाखान्यातलं सांगायची. मंग आतून वास आला की पळायची. हर साली. सव्वीस साल." त्यांनी वाटीत पाहिलं. "मी गॅसजवळून उठलोच न्हाई. भायेर कोणी नव्हतं."

 संघपालला आपण काहीतरी केलं पाहिजे असं वाटलं असावं. तो म्हणाला की मामा, पुढच्या वर्षी जरा लावू या ना मग, त्यात काय.

"मुद्दाम लावली तर ती लबाडी झाली," बाबा म्हणाले. मग कुसुमताईंना म्हणाले, "लिहा. कालकथित लिहा."

कुसुमताईंनी लिहिलं. चाळीस वर्षं शाळेच्या फळ्यावर लिहिलेल्या बाईंना तो एक शब्द लिहायला किती वेळ लागला ते सगळ्यांनी पाहिलं. कालकथित भागूबाई यांच्या स्मरणार्थ, आणि खाली तातेराव. बाबांनी ते शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. वाचून झाल्यावर त्यांची हनुवटी हलायला लागली.

आई गेली त्या दिवशी ते रडले नव्हते, स्मशानात नाही, पुण्यानुमोदनाला नाही. आता ते विहारात मधोमध उभे राहून मोठ्याने रडले, लहान मूल रडतं तसे, आणि हातातली वाटी मात्र त्यांनी सरळ धरली होती.  कुसुमताईंनी खडूच्याच हाताने त्यांची वाटी काढून घेतली, त्यांना खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या शेजारी खाली फरशीवर बसल्या. म्हणाल्या, "भाऊ, सांगा. दवाखान्यातलं काय सांगायची ती?"